मधला चेहरा

मंदाकिनी बेहेरे यांनी उभ्या आयुष्यात कोणालाही "मी फार आनंदात आहे" असे सांगितले नव्हते. लग्न ठरले तेव्हा मैत्रिणींनी मुलगा कसा आहे म्हणून विचारले, तर त्यांनी "बरा आहे" म्हटले. आणि त्या बऱ्या माणसाबरोबर त्यांचा संसार कुठेही न खरचटता चालला. मुलीला सुवर्णपदक मिळाले तेव्हा शेजारी पेढे देताना त्या "मिळालं खरं" एवढेच बोलल्या. परगावच्या माणसाला हे तुसडेपण वाटते. ते त्याचे अज्ञान. आनंद ही घरात, कपाटात घडी घालून ठेवायची वस्तू आहे, रस्त्याकडच्या गॅलरीत वाळत घालायची नव्हे, अशी बेहेरेबाईंची ठाम समजूत होती. ज्या शहरात त्या वाढल्या तिथल्या निम्म्या लोकांची समजूत तीच असल्यामुळे तिचे स्पष्टीकरण देण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

नोकरीही स्वभावाला साजेशी मिळाली होती. 'अन्नदा' नावाचे मिक्सर बनवणाऱ्या कंपनीत त्या तक्रार विभागाच्या प्रमुख होत्या. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या बाईने मिक्सरच्या तक्रारींत जन्म घालवावा, याची हळहळ नातेवाइकांना फार होती; बाईंना मुळीच नव्हती. कंपनीची कचेरी बुधवार पेठेत होती तेव्हा लोक बिघडलेला मिक्सर जुन्या चादरीत गुंडाळून आणत आणि आता पोलिसांनाच बोलवा अशा चेहऱ्याने काउंटरवर ठेवत. बाई चादरीची गाठ सोडण्यापूर्वी विचारत, "वाटत काय होतात?" त्या एका प्रश्नाने निम्म्या तक्रारी जागच्या जागी निवत. पुढे विभाग वाढला तेव्हा बाईंनी त्याला शिस्त लावली. तक्रार आली की तिची नोंद, मग प्रत्यक्ष स्थळपाहणी, मग लेखी उत्तर. उत्तरात "आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो" असली गुळगुळीत वाक्ये नसत. "आपली तक्रार योग्य आहे" किंवा "आपली तक्रार योग्य नाही" असे पत्र सुरू होई आणि कारण देऊन संपे. उत्तराविना पडून राहिलेली तक्रार हा त्यांच्या लेखी एकमेव अक्षम्य गुन्हा होता. काही निवृत्त गृहस्थ तर केवळ बाईंचे पत्र यावे म्हणून दुसरी तक्रार करतात, असा विभागात प्रवाद होता.

विभागाची हवाही बाईंच्याच वळणाची. चांगल्या कामाला "वाईट नाही" म्हणत आणि असामान्य कामाला "चालेल". बाईंच्या हाताखाली सर्वांत जुनी असलेली कौशल्या हिला त्यांनी एकदा "बरं लिहिलंयस" म्हटले होते, तर ती त्या दिवशी घरी श्रीखंड घेऊन गेली. कोणी कोणाच्या घरची चौकशी करत नसे. त्याला तिथे सभ्यता म्हणत.

मग कंपनी विकली गेली. गुरुग्रामच्या एका मोठ्या समूहाने ती घेतली, मिक्सरचे नाव तेवढे ठेवले आणि कचेरी येरवड्याच्या एका काचेच्या इमारतीत हलवली.

"येरवड्याला जातेस म्हणून सांगू नकोस कुणाला," बाईंचे यजमान अनंतराव म्हणाले. "भिंतीच्या कुठल्या बाजूला, ते विचारतील."

अनंतराव विमा कंपनीतून निवृत्त झालेले होते आणि दिवसाकाठी एक विनोद करून थांबत. त्या दिवशी बाईंना तो विनोद वाटला नाही. नव्या इमारतीत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात दारावरची 'तक्रार निवारण विभाग' ही पाटी काढून तिथे 'ग्राहक आनंद विभाग' अशी पाटी लावण्यात आली. तक्रार हा शब्द नकारात्मक असल्याने वापरू नये, असे फर्मान निघाले. मिक्सरची मोटार जळाली तरी ती आता तक्रार नव्हती, 'संवादाची संधी' होती. आडनावाने हाक मारणे बंद झाले, कारण आपण सारे एक कुटुंब आहोत. ज्या कुटुंबात तिशीतला मुलगा पंचावन्न वर्षांच्या बाईला "हाय मंदाकिनी!" म्हणून हाक मारतो ते कोणते, हे बाईंनी विचारले नाही. सोमवारी सकाळी चटयांवर ताणाताणीचे व्यायाम, बुधवारी सामूहिक हास्य, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून कृतज्ञता. बैठकीच्या खोल्यांना क्रमांकांऐवजी नावे आली. 'उमेद' नावाच्या खोलीतले वातानुकूलन चालत नसे.

या सगळ्यावर कळस म्हणजे चेहरे. सकाळी संगणक सुरू केला की पडद्यावर पाच गोल चेहरे येत. डावीकडचे दोन रडवे, उजवीकडचे दोन हसरे आणि मध्ये एक सरळ रेघेच्या ओठांचा. वर प्रश्न, "आज तुम्हाला कसं वाटतंय?" आणि खाली बारीक अक्षरांत, "तुमचे उत्तर गोपनीय राहील." एक चेहरा दाबल्याशिवाय काम उघडत नसे.

बाईंनी पहिल्या दिवशी चष्मा नीट करून पाचही चेहरे न्याहाळले आणि मधला दाबला. दुसऱ्या दिवशी मधला. तब्येत ठणठणीत होती, घरी सर्व क्षेम होते, जांभळी अबोली फुलली होती; बाईंनी मधला दाबला. उजवीकडचा शेवटचा चेहरा तोंड फाडून हसत होता. इतका आनंद सकाळी कचेरीत येताना ज्याला होतो त्याची आधी घरी चौकशी करावी, असे त्यांचे मत होते. कौशल्याचेही तेच मत, विभागातल्या बाकीच्यांचेही. न ठरवता सारा विभाग रोज सकाळी मधला चेहरा दाबून कामाला लागे आणि विसरून जाई.

गुरुग्रामला मात्र कोणी विसरत नव्हते. एके दिवशी खालच्या दालनात एक मोठा तक्ता लागला. समूहाच्या देशभरातल्या कचेऱ्या, त्यांचे विभाग, आणि प्रत्येकाच्या आनंदाचा रंग. सगळीकडे हिरवेगार रान. पुण्याच्या ग्राहक आनंद विभागाचा चौकोन तेवढा लाल. अख्ख्या भारतात सर्वांत दुःखी माणसे बेहेरेबाईंच्या हाताखाली काम करत होती.

मनुष्यबळ विभागाचा प्रमुख अर्णव विमानाने आला. 'उमेद'मध्ये बाईंना बसवून, घाम पुसत, त्याने अतिशय हळुवार आवाजात सांगितले, "मंदाकिनी, कुणाला ब्लेम करायचं नाहीये. पण इथलं कल्चर टॉक्सिक आहे असा डेटा सांगतोय. या क्वार्टरमध्ये स्कोअर वर आला नाही तर हा विभाग आम्ही गुरुग्रामच्या सेंटरमध्ये मर्ज करू. लोकांना दुसरीकडे ॲडजस्ट करू. तुम्हालाही."

"मला कुठे ॲडजस्ट करणार?"

"तुम्हाला आरामाची गरज आहे, असं आम्हाला वाटतं."

बाईंनी त्याला पाणी पुढे केले. त्यालाच त्याची अधिक गरज होती.

विभागाला बरे करण्यासाठी तनया नावाची एक समुपदेशक तरुणी पुण्यात ठेवण्यात आली. ती मूळची कोथरूडचीच, पण शिकायला बाहेर गेलेली. पहिल्या सत्रात तिने बाईंसमोर एक रिकामी बरणी ठेवली.

"मंदाकिनी मॅम, रोज एक छान गोष्ट चिठ्ठीवर लिहून यात टाकायची. लाइक, ज्यासाठी तुम्ही ग्रेटफुल आहात."

"कुणाला उद्देशून?"

"म्हणजे... युनिव्हर्सला."

"युनिव्हर्स पोच देतं का?"

तनयाला हसू आले आणि ते तिने लगेच आवरले. बाईंना ते हसूही दिसले, आवरणेही. पोरगी अगदीच टाकाऊ नाही, अशी त्यांनी मनाशी नोंद केली.

"मॅम, आय ॲम सीरियस. तुम्ही कधीच हसरा चेहरा दाबत नाही. व्हाय?"

"कारण मी बरी आहे. आणि बरं असणाऱ्यांसाठी तुम्ही मधला ठेवलाय."

"पण मधला म्हणजे न्यूट्रल, मॅम. म्हणजे काहीच वाटत नाही असं."

"सकाळी साडेनवाला बाईमाणसाला काय काय वाटायला हवं, याची यादी असेल तर द्या."

बोलणे असे बिनतोड होत असे, आणि तरीही ते सत्र संपल्यावर काहीतरी बरोबर येऊ लागले. हे बाईंनी कोणाजवळ कबूल केले नसते. घरी चहा करताना, आपल्याला आत्ता कसे वाटते आहे, असा प्रश्न त्यांना पडू लागला. पूर्वी चहा होत असे आणि त्या पीत असत. आता चहा पिणारी एक आणि ती पिताना सुखी आहे की नाही हे तपासणारी दुसरी, अशा दोन बायका एकाच खुर्चीत बसू लागल्या. एक दिवस भाजी निवडताना अनंतरावांनी मान वर न करता विचारले, "काय गं, तू खूश आहेस ना?"

"म्हणजे?"

"नाही, तुझ्या त्या हापिसातल्या तक्त्यावरून विचारलं. इतक्या वर्षांत विचारायचं राहून गेलं होतं."

"तुम्ही आहात का?"

अनंतरावांनी विचार केला. "वाईट नाही," ते म्हणाले, आणि दोघेही गवारीकडे पाहत राहिले. त्या घरात इतक्या अवघडलेपणाने गवार कधी मोडली गेली नव्हती.

बाईंना संताप आला तो या गोष्टीचा. विभाग जाईल, पाटी जाईल, एक वेळ ते समजू शकते. जगात मूर्खपणाने याहून मोठ्या गोष्टी गेल्या आहेत. पण धडधाकट माणसाला रोज सकाळी नाडी दाखवायला लावून आजारी पाडायचे, आणि त्याला कल्याण म्हणायचे?

कौशल्याने व्यवहार सांगितला. "बाई, दाबून टाकू ना सगळे हसरं. काय जातंय? महिनाभर दात काढले की विभाग वाचला. लोकं गणपतीपुढे सुद्धा खोटं बोलतात."

"ते गणपती आणि ती लोकं बघून घेतील," बाई म्हणाल्या. "आपण आयुष्यभर लोकांना सांगितलं, जे झालंय तेवढंच लिहा. आता आपणच मोटार चालू असताना जळाली म्हणून लिहायचं?"

"उलटं आहे बाई. जळालेली असताना चालू म्हणायचंय."

"जळालेली कुठे आहे? आपलं सगळं उत्तम चाललंय!" बाईंच्या तोंडून हा शब्द निघालेला कौशल्याने प्रथमच ऐकला.

आणि मग बाईंनी त्यांना जे येत होते ते केले. त्यांनी तक्रार केली. कंपनीच्याच पद्धतीने, कंपनीच्याच विरुद्ध. वस्तू: पाच चेहऱ्यांचे यंत्र. बिघाड: जे मोजण्याचा दावा करते ते मोजत नाही; समाधानी माणसाला दुःखी दाखवते. अपेक्षित कार्यवाही: स्थळपाहणी व लेखी उत्तर. पत्रात एकही अधिक विशेषण नव्हते. बाईंनी ते दोनदा वाचले, आणि पुष्कळ दिवसांनी चहा पिताना दुसरी बाई खुर्चीत नव्हती.

तक्रार तनयाकडे आली. ती धावतपळत वर आली, तिच्या चेहऱ्यावर वैताग आणि कौतुक दोन्ही होते.

"मॅम, हे ब्रिलियंट आहे. आणि तुमचा पॉइंट मला पटतो. मी कोथरूडची आहे, माझी आजी लग्नाच्या जेवणाला 'जेवले' म्हणते, बस. पण एक प्रॉब्लेम आहे."

"सांगा."

"तुम्ही लिहिलंय, विभागात सगळे मधला दाबतात. तसं असतं तर सरासरी बरोबर मध्ये आली असती. चौकोन पिवळा असता. मध्याच्या जराही खाली गेला की लाल होतो, आणि तो लाल आहे."

हिशेब साधा होता. तो आपल्याला सुचला नाही, याचे बाईंना प्रथम आश्चर्य वाटले आणि मग ते बोचू लागले.

"म्हणजे कुणीतरी रडवा दाबतंय."

"मी नाव सांगू शकत नाही, मॅम. पण हो. अगदी डावीकडचा. कधीतरी नाही. रोज."

"आणि तुम्ही काय केलंत?"

तनयाने खाली पाहिले. "मला वरून विभागाचा स्कोअर वाढवायला पाठवलंय. एकेक माणूस बघायला नाही. मी ऑटोमॅटिक मेल पाठवला होता, श्वासाच्या व्यायामांचा."

बाईंना तिला बोलायचे होते, पुष्कळ बोलायचे होते, पण जिभेवर आलेले प्रत्येक वाक्य वळून त्यांच्याकडेच पाहू लागले. विभाग त्यांचा. माणसे त्यांची. "आपलं सगळं उत्तम चाललंय" हे विधान कोणत्या स्थळपाहणीवरून केले होते?

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची खुर्ची उचलली आणि एकेकाच्या शेजारी जाऊन बसू लागल्या, कानाला दुसरा हेडफोन लावून. विभागात कुजबुज झाली. बाई पूर्वी असे बसत; प्रमुख झाल्यावर ते सुटले होते. कौशल्याकडे बसल्या, इतरांकडे बसल्या. रोजच्याच तक्रारी, रोजचीच कुरकुर. दुपारी त्या योगेश इंगोले याच्या शेजारी गेल्या.

योगेश अमरावतीकडच्या दर्यापूरचा. इंजिनियर होऊन पुण्यात आलेला, फोनवरच्या तक्रारी घेणारा, विभागातला सर्वांत हसतमुख मुलगा. चहाच्या वेळी सगळे त्याची थट्टा करत, "काय इंगोले, काय करून राह्यला?" आणि तोच सर्वांत मोठ्याने हसे. सुरुवातीला त्याची बोली वऱ्हाडी होती. बाईंनी त्याला पहिला महिनाभर समोर बसवून, एकेक वाक्य घासूनपुसून प्रमाण मराठी शिकवली होती, आणि त्यांना त्या कामाचा अभिमान होता.

फोन वाजला. पलीकडे मिक्सरचा जार गळत असल्याची तक्रार होती. योगेश स्वच्छ, शुद्ध बोलत होता; बाईंना मनातून बरे वाटले. मध्येच घाईत एक वाक्य घसरले. "बघून सांगून राहिलो, सर."

"तुम्ही पुण्याचे नाही का?" पलीकडचा आवाज थंड झाला. "मग पुण्याच्या माणसाला द्या ना फोन. मराठी तरी नीट बोलणारा."

"हो सर, देतो सर. माफ करा, सर."

त्याने फोन कौशल्याकडे वळवला आणि बाईंकडे पाहून हसला. मग हेडफोन काढून हातात धरून बसला. हसू अजून चेहऱ्यावर होते. काढायचे राहून गेल्यासारखे.

"असं रोज होतं?" बाईंनी विचारले.

"होते ना, मॅडम. दोन-चार जण. सवय झाली."

"मला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? तुम्हीच तर शिकवलं, नीट बोल म्हणून." तो आरोप करत नव्हता, माहिती देत होता. "मी इथं बोलतो ते इथल्यांना गावठी वाटते. घरी फोन केला तर आई म्हणते, हा कोण बोलून राह्यला साहेबावानी, माह्या पोराले द्या फोन. ती मजाकच करते. पण मॅडम, आता मले... मला माझंच बोलणं आठवावं लागते. आधी मनात बोलतो, मग तपासतो, मग तोंडातून काढतो. रात्रीपर्यंत डोकं गळून जाते. कोण बोलून राह्यला तेच समजत नाही."

बाईंना त्यांच्या खुर्चीतली दुसरी बाई आठवली. काही आठवड्यांचीच पाहुणी, तरी तिने गवारीची भाजी नकोशी केली होती. हा मुलगा त्या दुसऱ्या माणसाला कधीपासून शेजारी बसवून काम करत होता, आणि त्याला तिथे बसवले कोणी, हे विचारण्याची गरज नव्हती.

"सकाळी तू डावीकडचा चेहरा दाबतोस?"

योगेश दचकला, मग त्याने खांदे उडवले. "हाव. इतके दिवस इथं कोणी विचारलं नव्हतं, कसं वाटते म्हणून. मशीननं विचारलं, तर सांगितलं."

बाई उठल्या नाहीत. उत्तराशिवाय उठायची त्यांना सवय नव्हती. त्या म्हणाल्या, "तुझी तक्रार योग्य आहे." आणि पुढे, "काय करायला हवं?"

"मले माह्यासारखं बोलू द्या, बस. बाकी मिक्सरचं सगळं येते मला."

"लोक ऐकून घेणार नाहीत."

"ते माहीत आहे."

"मग त्यांना माझ्याकडे वळव," बाई म्हणाल्या. "आणि वरिष्ठांपुढे मला तुझा विषय काढावा लागला तर?"

"नाव नका घेऊ."

अर्णव पुन्हा आला तेव्हा 'उमेद'मध्ये पंखा आणून ठेवला होता. तनया कोपऱ्यात बसली. अर्णवच्या पुढ्यात बाईंची तक्रार होती, आणि तिच्यावर काय लिहायचे ते त्याने विमानातच ठरवले असावे.

"मंदाकिनी, सोपं करू. महिनाभर टीमला पॉझिटिव्ह सिलेक्ट करायला मोटिव्हेट करा. स्कोअर ग्रीन झाला की मर्जर कॅन्सल. विन-विन."

"त्याआधी माझ्या तक्रारीत दुरुस्ती आहे," बाई म्हणाल्या. "तुमचं यंत्र मोजत नाही असं मी लिहिलं होतं. ते अर्धवट खरं आहे. माझ्या विभागातल्या एका माणसानं रोज सकाळी तक्रार केली. यंत्रानं ती बरोबर नोंदवली. पाहणी झाली नाही, उत्तर गेलं नाही. ग्राहकाच्या बाबतीत असं झालं असतं तर मी संबंधिताला घरी पाठवलं असतं. इथे संबंधित दोन आहेत, तुमचा कार्यक्रम आणि मी. मी माझ्यापुरतं उत्तर दिलं. तुमचं राहिलंय."

"कोण आहे तो एम्प्लॉयी?"

"गोपनीय आहे. तुमच्याच पडद्यावर लिहिलंय."

अर्णवने पेन खाली ठेवले. "पण बाकी सगळ्या सिटीज ग्रीन आहेत. तिथे हा प्रॉब्लेम नाही."

"ज्या कचेरीत एकाही माणसाला एकाही सकाळी वाईट वाटत नाही, तिथे मी मिक्सरसुद्धा विकणार नाही. बिघडला तरी कोणी सांगणार नाही."

"सर," कोपऱ्यातून तनया म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे. मी तो माणूस रोज स्क्रीनवर बघत होते आणि सरासरी काढत होते. बाकीच्या सिटीजमध्येही असे असतील. त्यांनी हसरा दाबायला शिकून घेतलंय, एवढंच."

बाईंनी आपले म्हणणे मांडले, आणि ते विनंतीसारखे मुळीच नव्हते. विभाग इथेच राहील. मधला चेहरा दाबणाऱ्याच्या वाटेला कोणी जाणार नाही. डावीकडचा कोणी दाबला तर त्याला व्यायामाचा मेल जाणार नाही. माणूस जाईल, शेजारी खुर्ची टाकून बसेल आणि उत्तर देईल. आणि हे काम त्या स्वतः करतील. हे मान्य नसेल तर विभाग न्यावा. मात्र 'तक्रार योग्य नाही' असे कारणासह लेखी द्यावे.

अर्णवने कारण शोधण्याचा प्रयत्न केला. शेवटी त्याने काही टिपून घेतले आणि सहा महिन्यांचा प्रयोग म्हणून मान्यता दिली. प्रयोगाला त्याने जागच्या जागी एक इंग्रजी नावही दिले. निघताना तो म्हणाला, "याचं प्रेझेंटेशन मस्त होईल. थँक यू, मंदाकिनी."

"बेहेरेबाई," बाई म्हणाल्या.

"सॉरी?"

"कुटुंबात मोठ्या माणसांना नावानं हाक मारत नाहीत."

लाल चौकोन तसाच राहिला. आता त्याकडे कोणी पाहत नव्हते. विभागात त्या आठवड्यात एकच बदल झाला, आणि तो बाईंनी सगळ्यांना उभे करून, दोन वाक्यांत जाहीर केला: योगेश आजपासून फोनवर त्याच्या बोलीत बोलेल, आणि चहाच्या वेळी त्याची नक्कल करायची हौस असेल त्याने आधी ती मला करून दाखवावी. कोणाला हौस नव्हती.

पहिला फोन प्रभात रस्त्यावरून आला. योगेश बोलायला लागला, आणि बाईंच्या टेबलावर फोन वळवल्याचा दिवा लागलाच.

"कोण बोलतंय?" निवृत्त, ताठ, एकेक अक्षर तोलून बोलणारा आवाज.

"मंदाकिनी बेहेरे, प्रमुख, तक्रार विभाग." पाटीवर काहीही असो.

"बाई, तुमच्या त्या मुलाची भाषा ऐकलीत? पुण्यात ही माणसं तुम्ही फोनवर बसवता? मी तुमच्या कंपनीला पत्र लिहीन."

"अवश्य लिहा. नोंद होईल, उत्तर येईल. आपला मिक्सर कुठला?"

"चटणीचा. का?"

"बिघाड त्याच्यात आहे, की मुलात?"

पलीकडे शांतता पसरली. ती पुण्याची शांतता होती. माणूस चिडला आहे की खूश झाला आहे हे तिच्यावरून कळत नाही. बाईंना ती उत्तम ओळखता येत होती.

"मिक्सरमध्ये," आवाज नाइलाजाने म्हणाला.

"मग मिक्सर त्यालाच कळतो. देते परत." बाईंनी फोन वळवला आणि रिसीव्हर खाली ठेवला नाही. योगेशने घसा खाकरला. त्याच्या टेबलाजवळ बसलेल्या कौशल्याने टंकलेखन थांबवले.

"हाव काका, सांगा," योगेश म्हणाला. "जार वरून गळून राह्यला का खालून?"

"खालून," काका म्हणाले. "आणि आवाज करून राहिलाय."